एकमताचा ठराव

निगडवाडीचे पोलीस पाटील लालासाहेब यांच्या ओसरीवर सरपंच हंबीरराव सकाळी सकाळी स्वतः येऊन बसले, तेव्हाच लीलाबाईंनी ओळखलं की काम सरळ नाही. सरळ काम असलं की सरपंच शिपायाकडून निरोप धाडत. लीलाबाईंनी चहाची कपबशी पुढं ठेवली आणि दाराआड उभ्या राहिल्या.

हंबीररावांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि हळूच म्हणाले, "पाटील, मंगळवारी तुमी गावात असू नका."

"का वो आबा?"

"रहिमतपुरात काय तरी काम काढा. सांजच्याला या. तुमी व्हता बी न्हाई आन् बघितलं बी न्हाई. झालं!"

लालासाहेबांना सगळं कळलं. त्यांनी मान खाली घातली.

१९७४ साल होतं. दुष्काळ सरून पाटाला पुन्हा पाणी आलं होतं, ऊस तुटून चालला होता, आणि जानाईची जत्रा तोंडावर आली होती. अशात शनिवारी सकाळी अर्जुना गुरवानं देवळाचं दार उघडलं तर देवीचा चांदीचा मुखवटा जागेवर नव्हता! अख्खं गाव देवळापुढं गोळा झालं. बायका रडू लागल्या. अर्जुना म्हणाला, "पहाटं देवळामागनं एक बाई जाताना दिसली. अंगावर घोंगडं व्हतं."

घोंगडं म्हटल्यावर कोणाला जास्त विचार करावा लागला नाही. कवठे महांकाळकडच्या कोरड्या मुलखातून दरवर्षी दिवाळीनंतर धुळा आणि त्याची बायको हरणाबाई मेंढरं घेऊन येत. ऊस तुटला की खतासाठी मेंढरं रानात बसवायची, ही जुनी रीत. या खेपेला तर त्यांचा तळ खुद्द हंबीररावांच्याच रानात होता. धुळा आई आजारी म्हणून गावाकडं गेलेला. तळावर हरणाबाई आणि तिचा म्हातारा सासरा तात्याबा, दोघंच.

पोरांनी जाऊन तळ उलथापालथा केला. पिठाचं गाडगं फोडलं, वाकळा उसवल्या. मुखवटा सापडला नाही. "पुरला असंल कुठं तरी," लोक म्हणाले. मेंढरं हाकलत आणून पंचायतीच्या कोंडवाड्यात घातली, म्हणजे बाईनं पळून जाऊ नये. आणि रविवारी चावडीवर गाव बसलं. तिथं कोणीतरी आजा-पणजाच्या काळातली गोष्ट काढली. रवा काढायचा! कढईत तेल उकळायचं, तळाशी लोखंडाचा तुकडा टाकायचा आणि संशयितानं तो हातानं बाहेर काढायचा. हात भाजला तर चोर, न भाजला तर साव.

हंबीररावांनी विचारलं, "कुणाकुणाला मंजूर हाय?"

चावडीवरचे बाकी सगळे हात वर गेले. लालासाहेबांनी आपला हात वर केला नाही, पण विरोधात तोंडही उघडलं नाही. टोपी काढून तिची घडी नीट करत बसले.

आणि आता हंबीरराव समोर होते. "आबा, हे बरं न्हवं," लालासाहेब कसेबसे म्हणाले.

"मला एकट्याला वाटतंय म्हणून करतोय व्हय? गावानं ठरवलंय. तुमचा सोडला तर एक हात खाली न्हाई. लोकशाही म्हंजी आनखी काय असती?" हंबीरराव उठले. "तुमच्या नेमणुकीच्या वक्ताला प्रांतसायबाकडं मीच शब्द टाकला व्हता, आठवतंय न्हवं?"

ते गेल्यावर लीलाबाई बाहेर आल्या. कपबशी उचलताना एवढंच म्हणाल्या, "आवं, जाणार का तुमी?"

लालासाहेब उठून सायकलच्या चाकात हवा भरू लागले.

मंगळवारी सकाळी ते सायकल काढून निघाले. देवळावरून जाणारा रस्ता टाळून ओढ्याकडून गेले. तरी कुणीतरी लाकडं फोडत असल्याचा आवाज कानावर आलाच. रहिमतपूरच्या वाटेला लागल्यावर आकाराम अण्णांचा मळा लागतो. अण्णा बांधावर बसून मोटेचा जुना नाडा उलगडत होते. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. तरुणपणी ते औंध संस्थानात होते. तिथल्या राजानं इंग्रज असतानाच स्वतःहून कारभार रयतेच्या हाती दिला आणि गावोगाव पंचांची न्यायकोर्टं बसवली. तसल्या एका कोर्टाचे अण्णा पंच होते.

"लालासाहेब! आज मंगळवारचा कुठं रं?"

"रहिमतपूर. काम हाय जरा."

"गावात काम न्हाई व्हय पोलीस पाटलाला आज?"

लालासाहेब सायकलवरून उतरले. अण्णांना सगळं ठाऊक होतं तर! ते चावडीवर आले नव्हते, गुडघ्यांनी धरलं होतं. पण बातमीला कुठं गुडघे असतात?

"अण्णा, मी एकला काय करू? सगळ्या गावानं हात वर केलं. सरपंच म्हणत्यात, हीच लोकशाही."

अण्णांनी नाडा बाजूला ठेवला. "बस हितं. औंधाच्या राजानं कारभार सोडला तवा सगळ्यात अवघड गोष्ट कंची केली, सांग."

"गादी सोडली."

"गादी न्हाई सोडली. स्वतःचं हात बांधून घेतलं! मी राजा असलो तरी रयतंतल्या कुणाला मनात आलं म्हणून धरणार न्हाई, चौकशीबिगर दंडणार न्हाई, असं लिवून दिलं. आता देशाची घटना हाय. लोकास्नी वाटतं, सरकारनं काय काय करायचं तेवढंच तिच्यात लिवलंय. गड्या, सरकारनं काय करायचं न्हाई, ते बी लिवलंय. आन् तेच आपल्या-तुपल्यासारख्याला लय मोलाचं हाय."

"पण हितं सरकार न्हाई, गाव हाय."

"मग? राजाचं हात बांधायचं, पंतप्रधानाचं बांधायचं, आन् गावाचं तेवढं मोकळं सोडायचं? एका माणसाच्या जुलमाला जुलूम म्हणायचं आन् शंभर माणसांच्या जुलमाला ठराव म्हणायचं व्हय रं? रस्ता कुठनं न्यायचा, शाळा कुठं बांधायची, तिथं मोज की हात! एखाद्या बाईचा हात तेलात घालायचा का न्हाई, ही मोजायची गोष्टच न्हवं. सगळा देश एका बाजूला झाला तरी न्हवं!"

मनात सलत होतं ते लालासाहेबांनी बोलून टाकलं. "अण्णा, खरं सांगू? मला बी वाटतंय, तिनंच नेला असंल."

"असंल!" अण्णा ताडकन म्हणाले. "मी कुठं म्हणतोय नसंल? ती गरीब हाय, बाई हाय, म्हणून दया कर, असं म्हणतोय का मी? चोर असंल तर ठाण्यावर ने. साक्षीदार आण. कोरेगावचं कोर्ट हाय, तिथं शाबीत कर आन् घाल तुरुंगात. चोराला बी बोलायचा हक्क हाय, लालासाहेब. आपल्याला आवडणाऱ्या माणसाला हक्क द्यायला घटना कशाला लागती? ते आपण तसंबी देतोच!"

वाऱ्यावर गावाकडून हलगीचा आवाज आला. अण्णांनी मान वळवली. "वाजवाय लागलं. तुझी नेमणूक सरपंचाच्या शब्दानं झाली असंल, पण सरपंचासाठी झाली न्हाई. जायचं तर जा रहिमतपूरला. मला हे असलं गुडघं. न्हाई तर तुला इचारत बसलो नसतो."

लालासाहेबांनी सायकल उलटी फिरवली. चढाला त्यांना धाप लागली, छाती भरून आली, पण ते उतरले नाहीत. हलगीचा आवाज जवळ येत होता. एकदम तो थांबला, तसे ते उभ्यानं पायडल मारू लागले. पोचायला उशीर झाला तर?

देवळापुढं माणूस मावत नव्हता. मधोमध दगडांची चूल, तिच्यावर कढई. तेलावरून धूर निघत होता. हरणाबाई कढईपाशी उभी होती. ओलेती, कपाळावर मळवट, उजवा हात कोपरापर्यंत धुतलेला. तात्याबा जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून होता. हरणाबाई रडत नव्हती. कोंडवाड्यातून मेंढरांचं ओरडणं येत होतं, आणि तिचं सगळं लक्ष तिकडं होतं.

"थांबा!" लालासाहेब ओरडले. सायकल तिथंच आडवी पडली.

गर्दीनं वळून पाहिलं. हंबीररावांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "पाटील, तुमी रहिमतपूरला गेला व्हता न्हवं?"

"अर्ध्यातनं माघारी आलो."

"मग गप उभं राहा. आमी काय जबरदस्ती करत न्हाई. बाई राजी हाय. इचारा तिला!"

लालासाहेब हरणाबाईकडं वळले. "बाई, तू राजी हाईस?"

"व्हय," ती म्हणाली. "मी घालती हात. पन तेवढी मेंढरं सोडा. तीन दिस झालं कोंडून, पाण्याबिगर मरत्याली. माझा हात गेला तरी चालंल, मेंढरं गेली तर कसं चालंल?"

लोक कोंडवाड्याकडं बघू लागले.

"ऐकलंसा आबा?" लालासाहेब सरपंचाकडं वळले. "जित्राब अडकवून घेतलेल्या होकाराला राजी म्हणायचं व्हय? गळ्यावर पाय दिऊन मुंडी हलवून घ्यायची आन् म्हणायचं, बघा, हो म्हणाली!"

"देवीचं काम हाय! आडवं येऊ नका!" मागून कोणीतरी ओरडलं. गर्दी पुढं सरकली. दोघा-तिघांनी लालासाहेबांचे दंड धरले. एकानं हरणाबाईचं मनगट पकडून कढईकडं ओढलं. लालासाहेबांनी जोर लावून स्वतःला सोडवलं, खाली वाकले आणि चुलीतली पेटती लाकडं एकेक ओढून लांब फेकली. ठिणग्या उडाल्या, लोक मागं हटले. मग ते कढई आणि बाई यांच्यामध्ये उभे राहिले.

"आता माझ्या अंगावरनं जावा! आन् जो कोण जाईल त्याचं नाव मी स्वतः ठाण्यावर सांगणार. आबा, तुमचं बी! बाईवर संशय हाय ना? मग मी तिला घेऊन चाललोय ठाण्यावर, दिवसाउजेडी, तिच्या सासऱ्यासंगट. ज्याला फिर्याद द्यायची त्यानं चलावं. अर्जुना, तू बघितलंस न्हवं? चल, फौजदारापुढं सांग, सही कर!"

अर्जुना गुरव चुळबुळला. "मी... धुकं व्हतं. पाठमोरी बाई व्हती. हीच असंल असं... सही कशी करू?"

"हात भाजायला सांगताना धुकं नव्हतं व्हय रं?"

अर्जुनानं खाली पाहिलं. गर्दीतल्या पुष्कळांनी पाहिलं. हंबीरराव मात्र ताठ उभे होते. "लालासाहेब," ते दात आवळून म्हणाले, "गावाच्या इरुद्ध गेलास. आता गावात कसा राहतोस बघतो."

पण कोणी आडवं आलं नाही. पहिल्यांदा लालासाहेबांनी कोंडवाडा उघडला. मग लालासाहेब, हरणाबाई आणि तात्याबा ठाण्यावर गेले. फौजदारांनी जबाब घेतला. बाईकडं वस्तू मिळाली नव्हती, चोरताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी अज्ञात चोराविरुद्ध फिर्याद नोंदवली आणि हरणाबाईला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तळ उठला होता.

पुढचे दिवस लालासाहेबांना फार जड गेले. त्यांच्या ओसरीवर कोणी टेकेना. ते पारावर गेले की बोलणी थांबत. विहिरीवर लीलाबाई दिसल्या की बायका आपल्या घागरी पलीकडं सरकवत. जत्रेत पालखी सगळ्या दारांपुढं थांबली, पाटलाच्या दारापुढं थांबली नाही. त्या दिवशी आरतीचं ताट हातात घेऊन लीलाबाई बराच वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. लालासाहेबांना वाटलं, आपण चुकलो तर नाही? बाईनंच नेला असला तर? मग त्यांना अण्णांचा तो ताडकन आलेला शब्द आठवे, "असंल!" आणि त्यांचं मन पुन्हा जागेवर येई.

उन्हाळा लागला. हंबीररावांचा मुलगा गुंडा, फौजेत शिपाई, लग्नासाठी सुट्टीवर आला. आणि गावात कुजबुज सुरू झाली. मुखवटा गेला तेव्हाही गुंडा सुट्टीवर होता! त्याच शनिवारी पहाटे गावातून गेला होता! आणि सांगलीच्या सराफकट्ट्यावर त्याला कोणीतरी पाहिला होता! कुजबुज मोठी झाली, चावडीवर आली. ज्यांनी हरणाबाईच्या वेळी हात वर केले होते तेच म्हणाले, "आबा, धनगराच्या बाईला एक न्याय आन् सरपंचाच्या पोराला एक, असं चालायचं न्हाई. गुंडाला रवा काढू द्या. हात वर करा रं!"

पुन्हा सगळे हात वर गेले.

त्या दुपारी हंबीरराव लालासाहेबांच्या दारात आले. पायात वहाणाही नव्हत्या. ओसरीवर न बसता खांबाला धरून उभे राहिले.

"पाटील, गुंडानं नवरीला पैंजण घ्यायला सांगली गाठली व्हती. एवढंच. पण कोण ऐकंना. त्यो बी येडा, म्हणतोय, काढतो की, भीत न्हाई. आवं, बंदूक धरायचा हात त्यो! हात गेला तर नोकरी गेली, लगीन मोडलं, जल्माचं वाटोळं..."

दाराआडून लीलाबाईंचा आवाज आला. "हरणाबाईला बी त्याच हातानं भाकरी थापायची व्हती, आबा."

हंबीररावांनी डोळ्यांवर उपरणं धरलं. लालासाहेबांच्या मनात क्षणभर आलं, भोगू दे! पालखी माझ्या दारावरून पुढं नेणारा हाच ना? पण तो क्षण गेला. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"चला आबा. गुंडानं नेला का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पण चावडीवर त्याचा हात कढईत जाणार न्हाई. चला."

चावडीवर हंबीरराव लालासाहेबांच्या आधी बोलले. सरपंचाच्या खुर्चीवर ते बसले नाहीत. "गाववाल्यांनो," ते म्हणाले, "मी त्या बाईच्या येळेला म्हणालो, सगळ्यांचा हात वर हाय, ही लोकशाही. आज माझ्याच पोरावर हात वर झालं तवा मला कळलं! आपण हात वर करतोय तवा खाली कुणाचा हात जळतोय, ते बघत न्हाई. आज माझा गुंडा. उंद्या तुझा. परवा ह्याचा. ज्याच्यावर संशय हाय त्यानं ठाण्यावर जावं, कोर्टात जावं. गुंडाला मीच नेतो. पण ही कढई ह्या गावात पुन्यांदा चढली तर पहिल्यांदा माझ्या अंगावर वता!"

मग आकाराम अण्णा, ज्यांना त्या दिवशी बैलगाडीतून चावडीवर आणलं होतं, काठीवर जोर देत म्हणाले, "सरपंच, आज तुमी सरपंच झाला."

गुंडाची ठाण्यावर चौकशी झाली. गुंडानं खरंच पैंजण घेतल्याचं सराफानं सांगितलं. मुखवटा कोणी नेला, ते मात्र निगडवाडीला कधीच कळलं नाही.

लग्न पार पडल्यावर हंबीरराव आणि लालासाहेब एस.टी. बदलत बदलत कवठे महांकाळला गेले. तिथून माळरानातून पायी. उन्हानं सगळं पिवळं पडलेलं, कुठं कुठं बाभळीची सावली. हरणाबाई दारात बसून लोकर पिंजत होती. धुळानं पाहुण्यांना ओळखलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्यानं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं.

हंबीरराव बसले नाहीत. ते पुढं झाले आणि हरणाबाईच्या पायांशी वाकू लागले. ती झटकन मागं सरली.

"नगा, नगा! पाया पडून काय व्हतंय?" लोकर बाजूला ठेवून ती उभी राहिली. "मी चोर न्हाई, हे तुमास्नी आता पटलंय, म्हनून आलासा न्हवं?"

"व्हय बाई. आमी चुकलो."

"मग अजून चुकतायसा, आबा," हरणाबाई म्हणाली. "उंद्या एखादी बाई खरीच चोर निघाली, तर तिला कढईपाशी न्ह्याल का न्हाई, ते सांगा. न्हाई म्हनत असला, तरच मेंढरं तुमच्या रानात बसवीन."

हंबीररावांनी हात जोडले. "न्हाई न्ह्यायचो बाई. खऱ्या चोराला बी न्हाई. जानाईची आन."

"बसा मग. भाकरी खाऊन जावा," असं म्हणून ती चुलीकडं वळली.

वाचकहो, आपल्या घटनेला तेव्हा दोन तपं होत आली होती. आज त्याहून पुष्कळ काळ लोटला आहे. तिच्यातले हक्क आपल्याला दिल्लीच्या सरकारपुरतेच आहेत असं वाटतं. पण माणसावर जुलूम करायला दरवेळी सरकारच लागतं असं नाही. चावडी पुरते, जमात पुरते, कधी घरातली चार वडीलधारी माणसंही पुरतात. बहुमतानं कारभार चालवावा, माणूस चिरडू नये. आणि जो हक्क आपल्याला न आवडणाऱ्या माणसाला, अगदी चोरालासुद्धा मिळत नाही, तो आपला हक्क नसतो. ती फक्त आपली पाळी येईपर्यंतची सवलत असते!